संध्याकाळचा फळांचा चहा

आमच्या घरात संध्याकाळी साडेपाचच्या चहाला नित्यनेमाची प्रतिष्ठा आहे. शाळेची शेवटची घंटा होते, हजेरीपट कपाटात जातात, शिपाई कुलपे लावतो आणि आम्ही पिशवी खांद्याला अडकवून घरची वाट धरतो. पाय धुऊन आत येतो न येतो तोच स्वयंपाकघरातून आल्याचा वास येतो. बेळगावचा पाऊस ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना या वासाचे मोल निराळे सांगावयास नको. म्हशीच्या दुधाचा दाट चहा, बशीत मूठभर शेव आणि दोन बिस्किटे, असा हा सोहळा गेली पंचवीस वर्षे अखंड चालू होता. त्यात कधी खंड पडेल असे आम्हांस स्वप्नातही वाटले नव्हते.

परंतु गेल्या वर्षी श्रावण संपताना आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी आम्हांस काट्यावर उभे केले. वजन ७८ किलो, उंची १६५ सेंटिमीटर, कमरेचा घेर ९८ सेंटिमीटर आणि उपाशीपोटी घेतलेल्या रक्तातील साखर ११२. डॉक्टर आमच्याच शाळेचे जुने विद्यार्थी. ते मृदू स्वरात म्हणाले, "सर, हा अजून मधुमेह नव्हे. पण तुम्ही त्याच्या उंबरठ्यावर उभे आहात. आत जायचं की मागं फिरायचं, ते तुम्हीच ठरवा." ज्याला आम्ही एके काळी बाकावर उभे केले, त्याने आम्हांस उंबरठ्यावर उभे करावे, हा काळाचा न्यायच म्हणावयाचा!

ही बातमी पुण्याच्या आमच्या भाचीपर्यंत पोहोचण्यास वेळ लागला नाही. दिवाळीला ती आली ती एक देखणा डबा घेऊन. डब्यावर सफरचंद, संत्रे, लाल फुले आणि एका सडपातळ स्त्रीचे चित्र. "मामा, हा फळांचा चहा. रोज संध्याकाळी एक कप. महिन्याभरात फरक दिसेल बघा," असे ती इतक्या खात्रीने म्हणाली की आम्हांस त्या डब्याविषयी एकाएकी आदर वाटू लागला. आमच्या सौभाग्यवतींनी मात्र डबा उलटसुलट करून पाहिला आणि विचारले, "अहो, यात दूध कधी घालायचं?"

पहिला महिना आम्ही हे व्रत मोठ्या निष्ठेने पाळले. गडद लाल रंगाचे ते आंबट पाणी नुसते घशाखाली उतरेना, म्हणून त्यात दोन चमचे मध घातला. मध औषधी असतो, ही आपली परंपरागत श्रद्धा. नुसते पाणी पिऊन समाधान होईना, म्हणून शेवेची बशी जागची हलली नाही. आणि घरी दुधाचा चहा मिळणार नाही याची खंत असल्यामुळे, चार वाजता शाळेतच सहकाऱ्यांबरोबर एक कप अधिक घेऊ लागलो. महिन्याअखेर शाळेतील आरोग्य तपासणीच्या काट्यावर उभे राहिलो, तो वजन अर्ध्या किलोने वाढलेले!

एवढ्यावर भागले असते, तर ही एक विनोदी हकिकत म्हणून आम्ही विसरून गेलो असतो. पण त्या महिन्यात आमच्या हातून एक प्रमाद घडला, आणि तो सांगितल्याखेरीज हा लेख पुढे जाऊ शकत नाही.

आमच्या शाळेत सोमवारच्या प्रार्थनेनंतर पाच मिनिटे आरोग्याविषयी बोलण्याची प्रथा आहे. त्या पाच मिनिटांत आम्ही उत्साहाच्या भरात मुलांना सांगितले, की संध्याकाळी आम्ही आता नेहमीचा चहा सोडला असून फळांचा चहा घेतो, त्याने शरीर हलके राहते. मुले हसली, आम्हीही हसलो. पुढे तीन आठवड्यांनी, अशाच एका सोमवारी, प्रार्थना चालू असताना नववीच्या रांगेतील एक मुलगी कोसळली. बाईंनी तिला सावलीत नेले, साखर-मिठाचे पाणी पाजले. शुद्धीवर आल्यावर ती बराच वेळ काही बोलेना. मग बाईंच्या खांद्यावर डोके ठेवून तिने सांगितले, की मैत्रिणी तिला जाडी म्हणून चिडवीत आणि तीन आठवडे ती रात्री जेवलीच नव्हती. संत्र्याच्या साली आणि लिंबू उकळून त्या पाण्याचा एक पेला घ्यायचा आणि निजायचे, असा तिचा क्रम होता. "सरांनीच सांगितलं होतं," हे तिचे शेवटचे वाक्य.

त्या मुलीचे वजन ४१ किलो होते. तिला कमी करण्यासारखे काही नव्हतेच. रक्त तपासले, तेव्हा हिमोग्लोबिन नऊच्याही खाली निघाले. शाळेत दर आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी ती दप्तराच्या कप्प्यात टाकीत होती, कारण गोळीने भूक वाढते असे तिने कुणाकडून ऐकले होते. तिची आई शाळेत आली. ती रागावली असती तर आम्हांस बरे वाटले असते. पण ती हात जोडून म्हणाली, "सर, तुम्ही सांगाल ते ती ऐकते. आता तिला जेवायला सांगा." मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसून इतकी लाज आम्हांस पूर्वी कधी वाटली नव्हती.

त्या रात्री आम्ही ठरविले, की ज्या गोष्टीची आपण पुरती माहिती घेतली नाही, ती प्रार्थनेच्या मैदानावर सांगावयाची नाही. आणि जी एकदा सांगून बसलो, तिची माहिती आता तरी घ्यावयाची. पुढे जे लिहिले आहे ते त्या अभ्यासाचे टाचण आहे.

प्रथम नावाचाच विचार करू. मराठीत आपण ज्याला चहा म्हणतो, तो एका विशिष्ट झुडपाच्या पानांचा. हा शब्द मुळात चिनी; तिथून तो निरनिराळ्या वाटांनी जगभर गेला. आसामात वा निलगिरीत पिकणाऱ्या त्या झुडपाचे एकही पान फळांच्या चहात बहुधा नसते. म्हणजे तो चहा नव्हेच. आपल्या आयुर्वेदात वनस्पतीपासून औषध काढण्याच्या पाच रीती सांगितल्या आहेत: स्वरस, कल्क, क्वाथ, हिम आणि फांट. उकळून आटवला तो क्वाथ, म्हणजे आपला काढा. थंड पाण्यात रात्रभर भिजवून गाळला तो हिम. आणि गरम पाण्यात थोडा वेळ बुडवून गाळला तो फांट. फळांचा चहा हा या हिशेबाने शुद्ध फांट होय. त्याला 'चहा' म्हटल्यामुळे त्याचे भाग्य उजळले, इतकेच.

आता त्या डब्यात असते काय? आम्ही डब्याच्या मागील बारीक अक्षरे भिंगाने वाचली. सफरचंदाचे वाळलेले तुकडे, संत्र्याची साल, रानगुलाबाची फळे, आणि सर्वांत अधिक एक लाल फूल. ते फूल परदेशी नावाने छापले असले, तरी ती आपली लाल अंबाडी आहे. हैदराबादच्या वाचकांना तिची ओळख करून देण्याची गरज नाही. गोंगुऱ्याच्या चटणीवाचून तिकडे पान वाढले जात नाही. त्याच कुळातील अंबाडीच्या फुलांच्या मांसल पाकळ्यांसारख्या आवरणांपासून इजिप्तमध्ये 'करकदे' नावाचे लाल पेय करतात, आणि युरोपातील बहुतेक फळचहांचा रंग व आंबटपणाही तिचाच. या पेयाचा एक गुण प्रयोगाने दिसून आलेला आहे. अमेरिकेत २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ६५ माणसांपैकी काहींना सहा आठवडे रोज तीन कप अंबाडीचा फांट दिला, तेव्हा त्यांचा वरचा रक्तदाब सरासरी सुमारे ७ अंकांनी उतरला. इतरांचा जेमतेम १ अंकाने. गुण आहे, परंतु तो रक्तदाबाचा. कमरेच्या घेराशी त्याचा संबंध जोडण्याचे काम जाहिरातीने केले.

चरबी 'जाळणाऱ्या' फळांची कथा याहून मनोरंजक आहे, आणि ती आपल्या अगदी परसातील आहे. कोकणात व गोव्यात ज्याला आपण कोकम किंवा भिरंड म्हणतो, त्याचाच एक भाऊबंद पश्चिम घाटात दक्षिणेकडे वाढतो. केरळात त्याची साल माशांच्या कालवणात पडते, आणि आमच्या शेजारच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात त्याला उप्पागे म्हणतात. या फळातील आंबटपणा नेमका कशाचा, याचा शोध म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञ लुईस व नीलकंठन यांनी लावला आणि १९६५ साली तो प्रसिद्ध केला. ते हायड्रॉक्सिसिट्रिक नावाचे आम्ल निघाले. आपल्या कोकमातही ते असते. पुढे १९६९ साली अमेरिकेतील संशोधकांनी दाखविले, की शरीरात साखरेपासून चरबी बनविणाऱ्या एका विकराला हे आम्ल अडवून धरते. झाले! व्यापाऱ्यांना एवढे पुरेसे होते. नव्वदीच्या दशकात या आम्लाच्या गोळ्यांना जगभर मागणी आली आणि पश्चिम घाटातील जंगलांत उप्पागेच्या फळांवर झुंबड उडाली.

परंतु परीक्षानळीत जे घडते ते पोटात घडतेच असे नाही. १९९८ साली अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात एका काटेकोर प्रयोगाचा निष्कर्ष छापून आला. १३५ स्थूल माणसांचे दोन गट केले. दोघांनाही कमी उष्मांकांचा आहार दिला. एका गटास रोज १५०० मिलिग्रॅम हे आम्ल, दुसऱ्यास तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या गोळ्या. कोणास काय मिळाले हे कोणासच ठाऊक नाही. बारा आठवड्यांनी वजने घेतली. आम्ल घेणाऱ्यांचे सरासरी ३.२ किलो उतरले होते, आणि नुसत्या पोकळ गोळ्या घेणाऱ्यांचे ४.१ किलो! हा फरक शास्त्राच्या दृष्टीने नगण्य ठरला. पण नगण्य असूनही तो गोळीच्या बाजूचा नव्हता. दोन्ही गटांचे वजन उतरविले ते आहाराने. पुढे या आम्लाच्या गोळ्या घेणाऱ्या काहींना यकृताचे गंभीर विकार झाल्याच्या नोंदीही झाल्या. ताटातील दोन आमसुले आणि बाटलीतील दाट अर्क यांत हे अंतर आहे. ते विसरू नये.

हिरव्या चहाचीही गत फारशी वेगळी नाही. जगभरातील प्रयोगांची छाननी करणाऱ्या कॉक्रेन संस्थेने २०१२ साली असा निर्वाळा दिला, की हिरव्या चहाने स्थूल माणसांचे वजन उतरते ते इतके थोडे, की प्रकृतीच्या दृष्टीने त्याला महत्त्व देता येत नाही. जिथे खऱ्या चहाच्या पानाची ही अवस्था, तिथे सफरचंदाच्या वाळलेल्या तुकड्याने काय करावे?

मग संध्याकाळच्या फळचहाचा काहीच उपयोग नाही काय? आहे, पण तो कपात काय आहे यावर नसून, कपात आणि बशीत काय नाही यावर आहे. आम्ही गणिताच्या शिक्षकांना बरोबर घेऊन हिशेब मांडला, तो असा.

आमच्या नेहमीच्या कपात सुमारे ६० मिलिलिटर म्हशीचे दूध, त्याचे ६५ ते ७० उष्मांक. दोन चमचे साखर, तिचे ४०. एकूण शंभराच्या वर. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम शेव, तिचे सुमारे १६०. दोन साधी बिस्किटे, त्यांचे ५०. म्हणजे साडेपाचचा हा सोहळा सुमारे ३०० उष्मांकांचा झाला. साखर न घातलेल्या फळचहाचे उष्मांक मोजून पाच भरत नाहीत. पण त्यात दोन चमचे मध पडला की पुन्हा ४०. मध औषधी असला, तरी उष्मांकांच्या खातेवहीत तो साखरेच्याच रकान्यात जातो. आमचे पहिल्या महिन्यात वजन का वाढले, याचे उत्तर आता पाचवीतला मुलगाही देईल. चार वाजताचा जादा कप आम्ही हिशेबात धरलाच नव्हता.

ही बचत वजनात किती उतरते? पूर्वी असे सांगत, की एक किलो चरबी म्हणजे ७७०० उष्मांक. तेव्हा रोजची बचत गुणून भागाकार करा. हे गणित सोपे आहे, पण शरीर इतके सरळ नाही. वजन उतरू लागले की शरीराची गरजही कमी होते आणि उतार मंदावत जातो. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील शास्त्रज्ञ केव्हिन हॉल व त्यांचे सहकारी यांनी २०११ साली 'लॅन्सेट'मध्ये अधिक खरा हिशेब दिला. रोज सुमारे २४ उष्मांक कायमचे कमी केले, तर वजन अखेरीस एक किलोने उतरते. त्यातील निम्मे पहिल्या वर्षात, आणि जवळजवळ सगळे होण्यास तीन वर्षे लागतात. म्हणजे रोजचा दुधा-साखरेचा एक कप सोडून त्याजागी बिनसाखरेचा फळचहा घेतला, तर पहिल्या वर्षात सुमारे दोन किलो. शेव आणि बिस्किटेही सोडली, तर सहा किलोच्या आसपास. आणि शेव तशीच ठेवून चहासोबत फळांचाही चहा घेतला, तर शून्य. डब्यावर 'एक महिना' लिहिणाऱ्याने हे गणित केलेले नसावे.

यात आणखी दोन गोष्टी संध्याकाळच्या वेळेमुळे जमेस धराव्या लागतात. पहिली पाण्याची. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात ५५ ते ७५ वयाच्या ४८ माणसांना कमी उष्मांकांचा आहार दिला. त्यांतील निम्म्यांनी दर जेवणापूर्वी अर्धा लिटर साधे पाणी प्यायले. बारा आठवड्यांत पाणी पिणाऱ्यांचे वजन इतरांपेक्षा सुमारे दोन किलो अधिक उतरले. तेव्हा सातच्या सुमारास मोठा पेलाभर गरम, आंबट पाणी पिऊन आठ वाजता पानावर बसलो, तर एखादी पोळी कमी लागते हे खरे. मात्र ते श्रेय सफरचंदाचे नव्हे, पाण्याचे आहे.

दुसरी गोष्ट झोपेची. फळांच्या फांटात कॅफीन नसते. खऱ्या चहातील आणि कॉफीतील कॅफीन निम्मे ओसरण्यास साधारण पाच तास लागतात. साडेपाच, मग पाहुणे आले म्हणून साडेसात, मग बातम्या पाहता पाहता अर्धा कप, असे करणाऱ्याची रात्र पातळ होते. आणि अपुरी झोप भूक वाढविते, हे आता केवळ अनुभवाचे बोल राहिलेले नाहीत. शिकागो विद्यापीठात २००४ साली बारा तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिले, तेव्हा भूक शमविणारे संप्रेरक १८ टक्क्यांनी घटले, भूक चाळविणारे २८ टक्क्यांनी वाढले. उलट २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात कमी झोपणाऱ्या ८० जाड माणसांपैकी ज्यांची झोप रात्रीमागे सव्वा तासाच्या आसपास वाढविली, त्यांचे खाणे कोणी काही न सांगता दिवसाला सुमारे २७० उष्मांकांनी उतरले. म्हणजे आमच्या शेवेच्या बशीहूनही अधिक, आणि तेही नुसते निजून!

तोट्यांचा रकानाही भरला पाहिजे. हे सारे फांट आंबट असतात, आणि आंबट पाणी घोट घोट घेत तासभर बसले की दातांवरील कवच झिजते. लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या दंततज्ज्ञांनी २०१८ साली याविषयी सावध केले आहे; विशेषतः दोन जेवणांच्या मधल्या वेळी अशी पेये वारंवार घेणाऱ्यांना. तेव्हा घ्यावयाचे ते एकदाच, दहा मिनिटांत संपवावे, मग साध्या पाण्याने खळखळून चूळ भरावी. लगेच दात मात्र घासू नयेत. दुसरे असे, की बाजारात 'फळचहा' वा 'लिंबूचहा' या नावाने गरम पाण्यात विरघळणारी जी भुकटी मिळते, ती पुष्कळदा नावापुरतीच फळांची असते. आपल्याकडील नियमाप्रमाणे पाकिटावर घटकांची नावे वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागतात. पहिलेच नाव साखरेचे असेल, तर ते पाकीट सरबताचे समजून जागेवर ठेवावे. आमच्या गोव्याच्या आणि सीमाभागाच्या वाचकांनी अमृत कोकमाच्या बाबतीतही हे ध्यानी ठेवावे. भिरंड गुणी खरेच. पण पाकात बुडालेले भिरंड हे पाकाचे गुण घेते.

तिसरा तोटा सर्वांत मोठा, आणि तो आम्ही आपल्या डोळ्यांनी पाहिला. जेवणाच्या जागी हे पाणी घेणे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातील १५ ते १९ वर्षांच्या ५९.१ टक्के मुली रक्तक्षयी आढळल्या. वाढीच्या वयातील अशा मुलीने भाकरी सोडून सालीचे पाणी प्यावे, याला आहारशास्त्र म्हणत नाहीत, उपासमार म्हणतात. आणि ज्या घरात मुलीला येता-जाता 'जाडी' म्हणून हाक मारतात, त्या घराने हे विशेष लक्षात ठेवावे. थट्टेतला शब्द कुठे जाऊन रुजेल, ते बोलणाऱ्याला कळत नाही.

याचा अर्थ वजनाची चिंताच करू नये असा नव्हे. आपल्या भारतीयांच्या अंगात चरबी साठते ती पोटाभोवती, आणि दिसण्यास साधारण वाटणाऱ्या माणसालाही ती बाधते. म्हणून उंचीच्या मानाने वजनाचा जो निर्देशांक काढतात, त्याची मर्यादा आपल्यासाठी खाली आणलेली आहे. २३ च्या वर अधिक वजन, २५ च्या वर स्थूलता, आमचा २८.६ भरला होता. कमरेचा घेर पुरुषांनी ९० आणि स्त्रियांनी ८० सेंटिमीटरच्या आत ठेवावा. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्यात, २६.४ टक्के, आढळले. सबंध देशाचे ११.४ होते. इंदूरचे पोहे-जिलबी असो, बडोद्याचे फरसाण असो वा आमच्या बेळगावचा कुंदा असो, आपण जिथे जिथे स्थिरावलो, तिथली चव मोठ्या मनाने आपलीशी केली. आता तिचा हिशेबही आपणच ठेवला पाहिजे.

आता आमची स्वतःची फलश्रुती. मुलीच्या प्रसंगानंतर आम्ही मध सोडला, चार वाजताचा कप सोडला, आणि शेवेचा डबा रविवारापुरता खाली उतरू लागला. सकाळचा दुधाचा चहा आम्ही सोडलेला नाही, सोडणारही नाही. संध्याकाळी जेवणाआधी एक पेला गरम फांट, रात्रीचे साधे पण पुरते जेवण, नंतर सौभाग्यवतींबरोबर अर्धा तास टिळकवाडीच्या रस्त्याने फेरी आणि साडेदहाला निजणे. भाचीचा डबा दोन महिन्यांत संपला. तो पुन्हा आणवण्याऐवजी सौभाग्यवतींनी तीन आमसुले धुऊन गरम पाण्यात टाकली, वर चिमूटभर जिरेपूड घातली आणि पेला पुढे केला. रंग तोच, आंबटपणा तोच. डबा संपला, तरी वजन उतरतच राहिले. गुण डब्याचा नव्हता, याहून दुसरा पुरावा आम्हांस नको. वर्षाअखेर काटा ७४ वर आला, घेर ९३ वर. अजून मर्यादेच्या बाहेरच आहोत; पण उंबरठ्यावरून एक पाऊल मागे आलो, असे डॉक्टरांनी आमच्या प्रगतिपुस्तकात लिहून दिले आहे.

आणि ती मुलगी? पुढच्या सोमवारी आम्ही प्रार्थनेनंतरच्या पाच मिनिटांत, कोणाचे नाव न घेता, सर्व मुलांसमोर सांगितले, की मागे आम्ही अर्धवट सांगितले होते, ते चुकीचे होते. फळांचा चहा हे जेवण नव्हे, आणि वाढत्या वयात रात्रीचे जेवण सोडणे हे शहाणपण नव्हे. मुख्याध्यापकाने आपली चूक कबूल केलेली पाहून मैदानावर क्षणभर चमत्कारिक शांतता पसरली. दुपारच्या सुट्टीत ती आमच्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली. "सर, काल रात्री दोन भाकरी खाल्ल्या," एवढेच म्हणून ती पळाली. आता ती दहावीत आहे. निळी गोळी बाईंच्या समोर घेते आणि खो-खोच्या संघात खेळते.

तेव्हा वाचकहो, संध्याकाळी फळांचा फांट जरूर घ्यावा. निर्मळ पेय आहे, झोपेच्या आड येत नाही, आणि दुधा-साखरेच्या कपाची जागा त्याने घेतली तर हळूहळू वजनही उतरेल. मात्र त्यात साखर नको, मध नको, सोबत बशी नको, आणि पानावरच्या भाकरीच्या जागी तर तो कदापि नको. भाचीने यंदाही फोन करून विचारले, "मामा, डबा आणू का?" आम्ही म्हटले, "डबा नको. तू ये, आणि येताना चालण्याचे बूट घेऊन ये."